दुसऱ्यांच्या मैदानांवर : मोहन बागानची जडणघडण

१५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कोलकात्यातल्या बलराम घोष स्ट्रीटवर भूपेंद्रनाथ बोस यांच्या घरी बैठक झाली आणि ‘मोहन बागान स्पोर्टिंग क्लब’ स्थापन झाला. बोस अध्यक्ष झाले, जतींद्रनाथ बसू चिटणीस. (हेच भूपेंद्रनाथ पुढे १९१४ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.) माणसे जमली, पदाधिकारी ठरले, नाव ठरले, जागा तेवढी उसनी होती. फरियापुकुर भागात कीर्तिचंद्र मित्र यांची ‘मोहन बागान व्हिला’ नावाची कोठी होती. तिच्या प्रशस्त आवारात मोहल्ल्यातली आणि वसतिगृहांतली मुले चेंडू खेळत. तेच क्लबचे पहिले मैदान. नावही त्या कोठीचेच घेतले.

मोहन बागान म्हटले की लोक १९११ पासून सुरुवात करतात. अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीला हरवले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून चित्रपटापर्यंत सगळीकडे पोचली आहे. ती खरी आहे आणि ती इथेही येईलच. परंतु क्लब कसा जगला हे त्या एका दुपारवरून कळत नाही. ते कळते त्याच्या मैदानांवरून. कुणाच्या जागेत खेळले, कुणी हाकलले नाही, कुणाबरोबर वाटून घेतले, याचा हिशेब लावला की त्या काळातल्या हौशी क्लबांची सगळी धडपड दिसू लागते. जुन्या संस्थांच्या इतिहासात विजयांच्या याद्या फार आणि जागेच्या कागदांचा उल्लेख क्वचित, ही आपल्याकडचीही खोड आहे.

आधी कोलकात्याचे मैदान समजून घ्यायला हवे. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, कंपनीने नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. त्यासाठी गोविंदपूर गाव उठवले आणि किल्ल्याभोवतीचे रान तोडून सपाट केले, ते तोफांच्या माऱ्यात आडकाठी येऊ नये म्हणून. ही मोकळी जागा म्हणजे आजचे मैदान. ते नगरपालिकेचे नाही, राज्य सरकारचेही नाही; त्याची मालकी लष्कराची. शहराच्या छातीवर एवढी मोठी हिरवळ शिल्लक राहिली ती या लष्करी हट्टापायी. पण याच मालकीमुळे तिथे कुठल्याही क्लबाला पक्की इमारत बांधता येत नाही. म्हणून तिथल्या क्लबांच्या कचेऱ्यांना आजही ‘तंबू’ म्हणतात. लाकूड, पत्रा, पांढरा रंग, पुढे थोडी बाग, आत कँटीन आणि तिथला टोस्टबरोबरचा स्ट्यू. मैदानावरच्या माणसाला विचारा, तो क्लबचा पत्ता सांगणार नाही, ‘तंबूवर या’ म्हणेल.

या हिरवळीवर पहिल्यांदा खेळले ते अर्थातच गोरे. १८७० च्या दशकाच्या आरंभी निघालेला कलकत्ता फुटबॉल क्लब मुळात रग्बीचा. तो फार दिवस टिकला नाही. क्लबमधली फुकटची दारू बंद झाली तशी सभासदांची हजेरीही घटली, असे त्याच्याबद्दल सांगतात. १८७८ साली क्लब मोडताना बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवला आणि तो विलायतेत पाठवून दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्या कलकत्ता कपसाठी रग्बी खेळतात, तो हाच. हिंदुस्थानी रुपयांचा करंडक, आणि त्यावर हिंदुस्थानाने कधी खेळायचे नाही! पुढे १८८४ साली त्याच नावाचा क्लब पुन्हा उभा राहिला, आणि मग फुटबॉलकडे वळला. त्याच्याबरोबर डलहौसी आणि इतर युरोपीय क्लब होते, शिवाय किल्ल्यातल्या पलटणी. चांगल्या जागा यांच्याकडे होत्या.

बंगाली मुलांमध्ये फुटबॉल रुजवण्याचे श्रेय नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांना दिले जाते. त्यांच्याविषयीची दंतकथा अशी, की हेअर स्कूलमध्ये शिकणारा हा लहान मुलगा १८७७ च्या सुमारास आईबरोबर गाडीतून गंगास्नानाला निघाला होता. मैदानावर सोजिरांचा खेळ पाहून तो खाली उतरला, आणि बाहेर आलेला चेंडू त्याने लाथेने परत मारला. मग वर्गात वर्गणी काढून चेंडू आणला, तर तो रग्बीचा निघाला! प्रेसिडेन्सी कॉलेजच्या स्टॅक या प्राध्यापकांनी मुलांना खरा फुटबॉल मिळवून दिला आणि खेळायला शिकवले. गोष्टीत थोडी शाई नंतरची असेल. पण नगेंद्रप्रसादांनी एकामागून एक क्लब काढले, हे पक्के.

त्यांतला वेलिंग्टन क्लब त्यांनी स्वतःच मोडला, आणि त्याचे कारण इथे नोंदवलेच पाहिजे. मणी दास नावाचा कुंभाराचा मुलगा चांगला खेळत होता. त्याला क्लबात घ्यायला उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. नगेंद्रप्रसादांनी मणीला न सोडता क्लब सोडला आणि शोभाबाजार क्लब काढला. पुण्या-मुंबईच्या वाचकाला इथे दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळूंची आठवण होणार. चेंडूने सामना जिंकून देणाऱ्या या खेळाडूला चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. तेव्हाच्या खेळाच्या संस्थांना गोऱ्यांशी भांडण्याआधी स्वतःच्या घरात हे भांडण भांडावे लागत होते. सगळ्यांनी ते भांडले असे नाही.

१८९२ साली ट्रेड्स कपमध्ये शोभाबाजारने ईस्ट सरे पलटणीला २-१ असे हरवले. देशी संघाने गोऱ्या पलटणीवर मिळवलेला हा पहिला गाजलेला विजय. पुढच्याच वर्षी इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आयएफए, स्थापन झाली आणि तिच्या ढालीची स्पर्धा सुरू झाली. संस्थेच्या नावात ‘इंडियन’ असले तरी कारभार युरोपियनांचा होता, आणि पहिल्या वर्षी ढालीसाठी खेळलेला एकमेव देशी संघ शोभाबाजारच. कूचबिहारच्या महाराजांनी देशी क्लबांसाठी आपल्या नावाचा कप दिला, त्यामुळे बंगाली संघांना आपसांत खेळायला एक जागा झाली.

मोहन बागान या सगळ्यात उशिरा आलेला, मध्यम कुवतीचा क्लब होता. पहिल्या वार्षिक समारंभाला प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक एफ. जे. रो पाहुणे होते. त्यांनी विचारले, तुमच्याकडे शिकार नाही, मासेमारी नाही, मग ‘स्पोर्टिंग’ कशाला? तेव्हा क्लबाचे नाव ‘मोहन बागान अ‍ॅथलेटिक क्लब’ झाले आणि तेच टिकले.

व्हिलाचे आवार फार काळ पुरले नाही. दोनेक वर्षांत क्लब श्यामपुकुरला गेला. तिथे महाराजा दुर्गाचरण लाहा यांच्या मोकळ्या जागेत खेळायची परवानगी मिळाली. पुन्हा एका धनिकाची मेहेरबानीच. त्यानंतर श्याम स्क्वेअर. ही नगरपालिकेची जागा, आणि ती मिळवून देण्यात पालिकेचे युरोपीय अध्यक्ष हॅरी ली यांची मदत झाली. पण एकट्या मोहन बागानला नव्हे. आर्यन आणि बागबाजार या क्लबांनाही तिथेच खेळायचे होते. तीन क्लब, एक चौक. कोणत्या दिवशी कुणाचे जाळे लागणार, चुना कुणी मारायचा, यावर किती बैठका झाल्या असतील याची कल्पना गल्लीत संघ चालवणाऱ्या कुणालाही येईल. या आर्यन क्लबाची धुरा पुढे उमेशचंद्र मजुमदार यांनी वाहिली. सगळे त्यांना दुखीराम म्हणत. बंगालमधले पहिले खरे फुटबॉल-गुरू तेच. शेजारच्या क्लबातच असा माणूस असणे मोहन बागानला उपयोगीच पडले असणार. मैदान वाटून घेतले की डावपेचही थोडेफार वाटले जातात.

१९०० साल मात्र क्लबाच्या इतिहासात फार महत्त्वाचे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. सुभेदार मेजर शैलेन बसू चिटणीस झाले आणि क्लबाने उत्तर कोलकात्याच्या गल्ल्या सोडून मैदानावर पाऊल ठेवले. तिथेही स्वतःची जागा नव्हतीच. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या मैदानात भागी मिळाली. शैलेनबाबूंनी पलटणीतली शिस्त खेळाडूंना लावली. व्यायाम, दम वाढवणे, वेळेवर हजेरी. जिंकायचे तर नुसते पायातले कसब पुरत नाही, समोरचा धिप्पाड सोजीर शेवटच्या दहा मिनिटांत दमला पाहिजे आणि आपण दमलेले नसलो पाहिजे, हे त्यांना नेमके कळले होते. माझ्या मते क्लबाच्या घडणीत कर्णधारांपेक्षा या चिटणीसाचा वाटा मोठा आहे, आणि त्यांचे नाव सामान्य क्रीडारसिकाला ठाऊक नसते.

फळ लवकरच दिसले. १९०४ साली कूचबिहार कप जिंकला. १९०५ साली चिनसुऱ्याला ग्लॅडस्टन कपच्या अंतिम सामन्यात डलहौसीला ६-१ असे हरवले. त्यांतले चार गोल शिवदास भादुडींचे. १९०६ पासून सलग तीन वर्षे ट्रेड्स कप आणला. ही सगळी वर्षे वंगभंगाच्या चळवळीची. फुटबॉल म्हणजे स्वदेशीची लढाई, असे त्या वेळी कुणी ठरवून खेळत होते का? मला शंका आहे. पण पाहणारे तसे पाहू लागले होते.

१९११ च्या ढालीसाठी मोहन बागान उतरला तेव्हा सेंट झेवियर्सला ३-०, रेंजर्सला २-१, रायफल ब्रिगेडला १-० असे हरवत उपांत्य फेरीत आला. मिडलसेक्स पलटणीशी पहिला सामना १-१ सुटला, पुन्हा खेळला तेव्हा ३-० जिंकला. अंतिम सामना २९ जुलैला ईस्ट यॉर्कशायरशी. मैदान कलकत्ता फुटबॉल क्लबाचे, म्हणजे गोऱ्यांचे. ईस्ट इंडियन रेल्वेने जादा गाड्या सोडल्या, खेड्यापाड्यांतून माणसे आली. गर्दीचे आकडे साठ हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत सांगतात. एवढ्या लोकांना बसायला काहीच नव्हते. झाडांवर माणसे, खोक्यांवर माणसे. मागच्यांना काही दिसेना, तेव्हा गोल झाला की त्याचा आकडा लिहिलेला पतंग वर चढे.

ईस्ट यॉर्कशायरच्या जॅक्सनने उत्तरार्धात पहिला गोल केला. मग शिवदासांनी बरोबरी साधली, आणि सामना संपत आला असताना त्यांच्याच पासवर अभिलाष घोषने दुसरा गोल मारला. २-१. ढाल पहिल्यांदा देशी संघाकडे आली. अकरांपैकी बूट घालून खेळले ते एकटे सुधीर चॅटर्जी. हे ख्रिस्ती, पेशाने शिक्षक, पुढे पाद्री झाले. शिवदास सरकारी नोकरीतले पशुवैद्य, अभिलाष कॉलेजातला विद्यार्थी. नोकरी-शिक्षण सांभाळून संध्याकाळी मैदानावर येणारी माणसे ही. पावसाळ्याच्या चिखलात बूटवाल्यांचा पाय रोवला जातो आणि अनवाणी पाय घसरतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडू नये म्हणून बंगाली प्रेक्षक आभाळाकडे डोळे लावून बसत.

या विजयामुळे इंग्रजांनी घाबरून राजधानी दिल्लीला हलवली, असे काही उत्साही लोक लिहितात. डिसेंबर १९११ च्या दरबारात ती घोषणा झाली हे खरे, पण त्यामागची कारणे फुटबॉलहून पुष्कळ मोठी होती. विजयाची थोरवी वाढवायला अशा टेकूची गरज नाही. योगायोग सांगायचाच तर दुसरा सांगावा: त्याच उन्हाळ्यात अखिल भारतीय संघाबरोबर इंग्लंडात गेलेले पळवणकर बाळू तिथल्या खेळपट्ट्यांवर शंभराहून अधिक बळी घेत होते. एकीकडे कोलकाता, दुसरीकडे इंग्लंडातली मैदाने. दोन्हीकडे जागा गोऱ्यांची.

ढाल जिंकली तरी लीगचे दार उघडले नाही. १८९८ पासून चालू असलेल्या कलकत्ता लीगमध्ये देशी संघांना प्रवेशच नव्हता. मोहन बागानला १९१४ साली दुसऱ्या विभागात घेतले, १९१५ साली पहिल्यात. त्यातही नियम असा, की पहिल्या विभागात दोनच देशी संघ असतील. ढालीचे मानकरी ठरलेल्या समाजाला लीगमध्ये दोन खुर्च्या! हा नियम १९२५ पर्यंत चालला. तो मोडला ईस्ट बंगालने, भांडून.

ईस्ट बंगालची कुळकथा मोहन बागानशी जोडलेली आहेच. २८ जुलै १९२० रोजी जोडाबागान क्लबाचा मोहन बागानशी सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले. उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी रागावून बाहेर पडले, आणि १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. गंमत पुढे आहे. या नव्या क्लबाला मैदानावर जागा मिळाली ती मोहन बागानच्याच शेजारी, एकाच मैदानात. म्हणजे ज्यांच्या सामन्याला पुढे लाखभर माणूस येऊ लागला, ज्यांच्या निकालावर बाजारातला कोळंबीचा आणि हिलशाचा भाव हलतो, ते दोन क्लब चाळीसेक वर्षे एकाच गवतावर नांदले. तंबू वेगवेगळे, गोलपोस्ट तेच. भाऊबंदकी म्हणतात ती अशीच सामाईक अंगणातून वाढते.

मुंबईशी मोहन बागानचा संबंध याच काळात आला. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा मूळ पलटणींची. १९२३ साली मोहन बागान मुंबईला खेळायला आला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना ४-१ असे हरवले. त्या काळातला त्यांचा कर्णधार गोष्ठ पाल, बचावात उभा राहिला की ‘चिनी भिंत’. १९६२ साली पद्मश्री मिळवणारा हा पहिला फुटबॉलपटू. मोहन बागानने रोव्हर्स पुढे १४ वेळा जिंकला, पहिल्यांदा १९५५ साली. पण मुंबईत रोव्हर्स जिंकणारा पहिला देशी संघ मोहन बागान नव्हे. तो मान १९३७ च्या बंगलोर मुस्लिम्सचा. आणि कोलकात्यातही देशी संघांपैकी लीग पहिल्यांदा जिंकली ती मोहमेडन स्पोर्टिंगने, १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे. मोहन बागानला लीग मिळाली १९३९ साली. दुसऱ्यांदा ढाल मिळाली १९४७ साली, ईस्ट बंगालला १-० असे हरवून. दोन ढालींमध्ये ३६ वर्षे गेली. गौरवगाथांत ही मधली रिकामी वर्षे कुणी मोजत नाही, पण त्या वर्षांतही तंबूत रोज दिवा लागत होता, वर्गणी जमत होती, गवत कापले जात होते.

मुंबईत जागेचा प्रश्न वेगळ्या वळणाने गेला. एस्प्लनेडवर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी पारशी मुलांच्या क्रिकेटची जमीन उखडली, त्यावर पारशांनी अर्जांमागून अर्ज केले, तो लढा शापूरजी सोराबजी यांनी पुस्तकात लिहून ठेवला. शेवटी समुद्राकडेला भरावाच्या जमिनीवर पारशी, हिंदू, इस्लाम अशा जिमखान्यांना जागा मिळाल्या. म्हणजे मुंबईत जमीन जमातीच्या नावाने वाटली गेली. कोलकात्यात लष्कराने जमीन कुणालाच दिली नाही, वापरायला तेवढी दिली, आणि क्लबांना आपसांत सरकून बसायला लावले. त्यामुळे कोलकात्याचे क्लब एकमेकांचे कितीही वैरी असले तरी एकमेकांना ओळखून होते. आपल्याकडे कोल्हापुरात तालमींच्या नावाने संघ निघाले, त्यांना निदान तालीम तरी स्वतःची होती. कोलकात्याच्या क्लबाला पाय ठेवायची जागादेखील हंगामाहंगामाने जपावी लागली.

प्रेक्षकांनीही ती आपापल्या परीने जपली. ज्यांना तिकीट परवडत नव्हते किंवा मिळत नव्हते, ते किल्ल्याच्या उतारावर उभे राहून फुकटात खेळ पाहात. गर्दीच्या डोक्यांवरून पाहायला पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवलेले पेरिस्कोप विकायला येत. घोडेस्वार पोलीस रांगा सरळ करत. ट्रामवर लटकून माणसे येत आणि हरल्यावर पायी जात.

१९६३ साली वाटणी झाली. मोहन बागान आपल्या जुन्या मैदानातून बाहेर पडला आणि कलकत्ता फुटबॉल क्लबाच्या मैदानावर आला, पुन्हा भागीतच. म्हणजे १९११ साली जिथे पाहुणा म्हणून ढाल जिंकली, तेच मैदान त्याच्या वाट्याला आले. जुने मैदान ईस्ट बंगाल आणि आर्यनकडे राहिले. श्याम स्क्वेअरचा जुना शेजारी आर्यन आता ईस्ट बंगालचा शेजारी झाला. कलकत्ता क्लब १९६० च्या दशकातच क्रिकेट क्लबात विलीन होऊन बालीगंजला गेला. ज्या क्लबाने या गवतावर खेळ आणला तो तिथून निघून गेला, आणि एकेकाळी आवाराच्या भिंतीबाहेर उभे राहणारे आत स्थिरावले.

१९८४ साली सॉल्ट लेकचे विशाल स्टेडियम उघडले आणि मोठे सामने तिकडे गेले. तंबू मात्र तिथेच आहे, सराव आणि लहान सामने अजून त्या मैदानावर होतात. २९ जुलै हा ‘मोहन बागान दिवस’ म्हणून दरवर्षी साजरा होतो. आणि गॅलरीची फळी बदलायची झाली, दिव्यांचा खांब हलवायचा झाला, तर आजही चिटणीसाला आधी लष्कराच्या कचेरीकडे अर्ज करावा लागतो.